नोकरीवरचे पापड

आमच्या मस्तगडच्या गल्लीत सुगनभाभीचे पापड बारा महिने वाळत असायचे. चैत्र-वैशाखात कोणाचेही वाळतात, त्यात विशेष काही नाही. सुगनभाभीचे श्रावणातसुद्धा वाळायचे. वरून पाऊस पडतोय, गल्लीतून पाणी वाहतंय, आणि मधोमध बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, टाकलेल्या. बाजांवर पापड, पापडांवर मेणकापड, आणि मेणकापडावर टपटप पाऊस. कोणी विचारलं, "भाभी, हे काय?" तर ती आभाळाकडं बघून म्हणायची, "ऊन येईल की जल्दी. न्हाई येणार का?"

पुरुषांना हे चालून गेलं. पुरुषाला पापड फक्त ताटात आल्यावर दिसतो, त्याच्या आधी तो कुठून आला याची चौकशी तो करत नाही. पण आम्हा बायकांना कोडं पडायचं. मी पिंपळगाव रेणुकाईची, शेतकऱ्याच्या घरची. आमच्याकडं पापडापेक्षा कुरडया-खारोड्यांचा जोर. तरी मलाही एवढं कळतं, की पापडाला ऊन नुसतं दाखवायचं आणि सावलीला घ्यायचं. दिवसभर उन्हात ठेवला तर जुन्या चपलेसारखा वाकडा होतो. आणि सुगनभाभी तर मारवाड्याची लेक आणि मारवाड्याचीच सून, पापडाचं पीठ कुटता कुटता मोठी झालेली. तिला हे कळत नसेल?

पण तिला विचारायची सोय नव्हती. भाभी अंगानं बारीक आणि आवाजानं ठणठणीत. नवरा कपड्याच्या दुकानात गादीवर बसून दिवसभर गप्प. त्याच्या वाटचंही तीच बोलायची. दोन्ही लेकी लांब राजस्थानात दिलेल्या. त्यामुळं आईपणाचा राहिलेला सगळा राग ती गल्लीवर काढायची.

गल्ली आमची जुनी. समोरासमोरच्या ओट्यांवर बसून दोन बायकांनी एकाच परातीतली मेथी निवडावी एवढीच रुंद. पहिल्यांदा तिच्यातून माणसं चालायची, गाई चालायच्या, फार तर एखादी सायकल. मंग घराघरांत लुना आल्या. मंग स्कूटरी आल्या. आणि मंग मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका टेंपोवाल्याला शोध लागला, की मोठ्या रस्त्यानं वळसा घालण्यापेक्षा मस्तगडातून घुसलं की जल्दी होते. एकाला लागलेला शोध सगळ्यांना लागला. ओट्यावर बसून पाय खाली सोडायची सोय राहिली नाही.

पुरुषांनी मीटिंग घेतली. मीटिंगीत चहा झाला, आणि गल्लीच्या तोंडाशी पाटी लावायचं ठरलं: 'वाहने सावकाश चालवा'. चांगल्या ठळक अक्षरात रंगवलेली पाटी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका टेंपोनं त्या पाटीलाच धडक दिली. पाटी वाकली, ती इतकी वाकली की आता फक्त कुत्र्यांना वाचता यायची.

या सगळ्यात हाल होते ते मांजींचे. मांजी म्हणजे सुगनभाभीची सासू. गल्लीच्या वरच्या टोकाला थोरल्या लेकाकडं राहायच्या. कमरेत वाकलेल्या, हातात काठी, डोक्यावरून पदर. रोज सकाळी पायी देवळात जायच्या आणि पायीच परत यायच्या. नातवानं स्कूटरवर बसवतो म्हटलं तर म्हणायच्या, "देवाकडं पायानं जायचं असतं. आणि एकदा बसले की मी बसलेच." खरंच होतं ते. त्या हाडांचं चालणं थांबलं असतं तर माणूसच थांबलं असतं.

एके दिवशी एका लुनानं मांजींच्या काठीला झटका दिला. काठी गटारात, आणि मांजी भिंतीला धरून लटलटत उभ्या. मी त्यांना आमच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. लुनावाला लांबूनच ओरडला, "बघून चालत जा की, आजी!" समोर दारात सुगनभाभी उभी होती. तिनं बघितलं आणि आत निघून गेली. मी मनात म्हटलं, काय बाई ही! सासू आहे तिची!

पण त्यांचं बोलणं नव्हतं. का नव्हतं, ते सांगते. पूर्वी एकत्र असताना एका लग्नात, सगळ्या व्याह्या-विहिणींच्या पुढं मांजी म्हणाल्या होत्या, "सुगनच्या पापडात खार जास्ती हाय." झालं. मारवाड्याच्या सुनेला तिच्या रंगाबद्दल बोला, बापाबद्दल बोला, पण पापडाबद्दल बोलायचं नाही. चुली वेगळ्या झाल्या. लोकांची घरं जमिनीवरून फुटतात, यांचं चिमूटभर पापडखारानं फुटलं.

तर लुनाच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी भाभीच्या बाजा बाहेर आल्या. भर गल्लीत, एक या अंगाला, एक त्या अंगाला, अशा आडव्यातिडव्या. पायी माणूस वळसे घेत आरामात जाईल, पण चाकाला सरळ वाट म्हणून मिळणार नाही. पहिला टेंपो आला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. भाभी लाटणं घेऊन दारात आली.

"अन्न हाय, भाऊ! अन्न हाय!"

"बाजूला घ्या की मावशी."

"वाळून राह्यलंय, दिसत न्हाई का? घाल वरून चाक. घाल! तुझ्या मायनं कधी पापड घातले नसतील तर घालशील."

ड्रायव्हरनं तोंडातली तंबाखू थुंकली आणि गाडी मागं घेतली. लुनावाले, स्कूटरवाले उतरून गाडी हातानं ढकलत न्यायला लागले, देवळापुढून नेतात तशी. भाभी मला म्हणाली, "वैनी, माणूस पोलिसाला भीत न्हाई, पाटीला भीत न्हाई. पण अन्नावरून चाक न्यायला त्याचा हात कापतो."

गल्लीनं मात्र वेगळाच अर्थ काढला. "सासूची वाट अडवली हो!" असं जो तो म्हणायला लागला. आणि म्हणायला कारणही होतं. त्या बाजांमध्ये एक बाज रिकामी असायची. तिच्यावर एकही पापड नाही. भिंतीकडेच्या सावलीत, भाभीच्या अगदी दारासमोर. कोणी टेकायला गेलं की भाभी आतून ओरडायची, "बसू नका हां! ढेकूण हायेत तिच्यात!" एकदा मीही गुडघे दुखतात म्हणून टेकत होते, तर मलाही तेच. मी चटकन उठले आणि दिवसभर अंग खाजवत बसले.

मांजी देवळातून परत येताना नेमक्या त्याच बाजेवर बसायच्या. अर्धी चढण झालेली असायची, दम लागलेला असायचा. त्यांना भाभी काही म्हणायची नाही. गल्ली म्हणाली, बघा, सासूला ढेकणांत बसवते! केवढं वैर म्हणावं हे!

मी एकदा न राहवून मांजींना सांगितलं, "मांजी, त्या बाजेत ढेकूण हायेत म्हणं."

"मला न्हाई चावत," मांजी म्हणाल्या.

बसल्या की त्या शेजारच्या बाजेवरच्या पापडाचा कोपरा मोडायच्या, तोंडात घोळवायच्या, आणि समोरच्या भिंतीला सांगायच्या, "खार जास्ती हाय."

आत भांडी वाजायची. आणि भांड्यांना उद्देशून भाभीचा आवाज यायचा, "ज्याला जास्ती वाटतो त्यानं खाऊ न्हाई!"

मांजी काठी टेकत उठायच्या, बाजांमधून वळसे घेत घरी जायच्या. रोज हेच. दोघींचं बोलणं नव्हतं ते हे असं.

एकदा भाभी दुकानात डबा द्यायला गेली तेव्हा मी टोकाच्या बाजेवरचा एक पापड उचलून आणला आणि भाजला. तोंडात घातला आणि थुंकला. धूळ, धूर आणि टेंपोचा वास! पापड कसला, चामडं होतं नुसतं. म्हणजे हे पापड पहिल्या दिवसापासून तेच होते. पांढरे पडलेले, वाकडे झालेले. रोज बाहेर यायचे, रोज आत जायचे. गल्लीतल्या गाईनंही एकदा त्यांना तोंड लावलं होतं, आणि परत कधी त्या बाजूला बघितलं नव्हतं. आम्ही माणसं मात्र तिथं रोज गाडीवरून उतरून अदब दाखवत होतो.

भाभीनं मला पकडलंच. भाजल्याचा वास लपतो का? कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ते खायचे न्हाईत, पिंपळगाववाली. ते नोकरीवर हायेत."

"मंग मांजी खातात ते?"

भाभीनं तोंड फिरवलं. "तू तुझी भाजी बघ, करपून राह्यली."

नंतर मी नीट बघितलं. रिकाम्या बाजेच्या शेजारची बाज, तिच्यावरचे तेवढे पापड ताजे असायचे. पिवळे, पातळ, मिऱ्याचा वास येणारे. आणि मांजींच्या यायच्या आधी भाभी ती 'ढेकणांची' बाज पदरानं पुसायची, सैल झालेली सुतळी ओढून ताणायची, आणि सावली सरकली की बाजही सरकवायची. मी गल्लीत कोणाला सांगायला गेले नाही. गल्लीचं म्हणणं मोडून काढायला गल्लीनं आधी ऐकायला तर पाहिजे.

पुढं टेंपोवाल्यांपैकी कोणीतरी तक्रार केली, आणि एक दिवस पालिकेतून साहेब आले. सोबत दोन माणसं. गल्लीत ही गर्दी! साहेब म्हणाले, "बाई, रस्ता रहदारीसाठी असतो."

"मंग माणसं रहदारी न्हाईत का?" भाभी म्हणाली. लाटणं हातात होतंच.

"उचला रे बाजा."

माणसं जागची हलली नाहीत. त्यातला एक हळूच म्हणाला, "साहेब, अन्न हाय वर." साहेबांनीही चप्पल जरा मागं घेतली. पण आज बाजा जाणार हे दिसत होतं. भाभीचा चेहरा असा उतरलेला मी कधी बघितला नव्हता. ती साहेबांकडं नव्हे, गल्लीच्या तोंडाकडं बघत होती.

तिकडून मांजी येत होत्या, काठी टेकत.

कोणीतरी म्हणालं, "या आजींनाच विचारा, साहेब! रोज यांचीच वाट अडते." साऱ्या गल्लीचे कान टवकारले. इतक्या वर्षांचा हिशेब आता चुकता होणार!

साहेब अदबीनं म्हणाले, "आजी, या बाजांमुळं तुम्हाला चालायला त्रास होतो ना?"

मांजी थांबल्या. दम खाल्ला. मंग टोकाच्या बाजेपाशी गेल्या, नोकरीवरच्या त्या चामड्यासारख्या पापडावर अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "ओले हायेत अजून. वाळू द्या."

साहेबांनी पापडाकडं बघितलं. त्यांच्याही घरी आई असेल, बायको असेल. गालातल्या गालात हसत ते म्हणाले, "किती दिवस लागतील, आजी?"

"वेळ लागंल," मांजी म्हणाल्या. "खार जास्ती पडलाय."

आणि जाऊन आपल्या बाजेवर बसल्या.

त्या दिवशी आत भांडी वाजली नाहीत. साहेब जे गेले, ते वाळल्यावर येतो म्हणून गेले. पुढं काही दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी पालिकेनं दगडी खांब रोवले. टेंपो बंद झाले, लुना हळू झाल्या. पुरुषांनी आमच्या पाटीमुळंच हे झालं म्हणून पुन्हा एकदा चहा घेतला.

खांब आले तरी बाजा चालूच राहिल्या. मी म्हटलं, "आता कशाला, भाभी?" म्हणाली, "खांबाचा काय भरवसा?"

शेवटी मांजी अंथरुणाला खिळल्या. भाभी वर थोरल्या दिराच्या घरी गेली नाही. पायरी कशी चढायची, हे तिला सुचलं नसावं. माझ्याजवळ फडक्यात पापड द्यायची. "नाव सांगू नको माझं," म्हणायची. मी मांजींना कोपरा मोडून द्यायची. त्या डोळे मिटून घोळवायच्या. एकदा म्हणाल्या, "बराबर हाय. पहिल्यापासून बराबरच व्हता." मंग डोळे उघडून, "तिला सांगू नको हां."

मांजी गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस बाजा बाहेर आल्या नाहीत. तरी लोक सवयीनं भाभीच्या दारापुढं गाडीवरून उतरायचे.

मंग एका सकाळी एकच बाज बाहेर आलेली दिसली. रिकामी. सावलीत. शेजारी एका सुपात ताजे पापड. भाभी दारात बसलेली, हात मांडीवर. मी बाजारातून येत होते, पिशव्या जड, चढण अर्धी झालेली. थांबले.

"बस की," भाभी म्हणाली.

"ढेकूण हायेत ना तिच्यात?"

"कधी व्हते?"

मी बसले. सुतळी ताणलेली होती, पाठीला थंडगार भिंत. भाभी उठून आत गेली. मी सुपातल्या पापडाचा कोपरा मोडून तोंडात घातला. मूग, मिरे, हिंग, खार, सगळं जिथल्या तिथं. असा पापड मी आयुष्यात खाल्ला नव्हता. मांजींचं ते 'बराबर हाय' माझ्या जिभेवर आलं होतं. पण आत अगदी सामसूम होती, भाभी कान देऊन उभी असावी.

मी समोरच्या भिंतीला म्हटलं, "खार जास्ती हाय."

मंग आत भांडी वाजली.

"ज्याला जास्ती वाटतो त्यानं खाऊ न्हाई!"