तीन सायकली तळ्यापर्यंत नेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सायकल ही चाकं असलेली वस्तू असल्यामुळे ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची कशी, हा प्रश्न माणसाला बरीच वर्षं छळतो आहे. पूर्वीच्या लोकांनी तिच्यावर बसून जाण्याचा तात्पुरता उपाय काढला होता. पण त्यात घाम येतो, चढ लागतो आणि मुख्य म्हणजे दारात उभी असलेली गाडी दारातच राहते. विचारी माणसाला हे पटणं शक्य नाही.

वजनमापे खात्यातले निरीक्षक विचारी होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही तराजूवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नव्हता. (दुसऱ्या भेटीत ठेवला, असे तराजू तीन. त्यातला एक पुढे खोटा निघाला, आणि तेव्हापासून निरीक्षकांनी मनगटावरच्या घड्याळालाही संशयाचा फायदा देणं बंद केलं.)

एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या लेकीने सांगितलं, की नोकरीचं पत्र आलंय, दुसऱ्या शहरात जायचंय, अकरा आठवड्यांनी सोमवारी निघायचं. निरीक्षकांची बायको ओट्याकडे वळली आणि धुतलेल्या कपबश्या पुन्हा धुऊ लागली.

"बाबा, एकच मागणं आहे," लेक म्हणाली. "जायच्या आधी आपण तिघांनी सायकलवरून तळ्याला एक चक्कर मारायची. मी पाचवीत होते तेव्हापासून तू नेतो नेतो म्हणतोयस."

"नेतो की. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे हे शोधून काढायला निरीक्षकांना अकरा आठवडे लागले.

प्रथम त्यांनी प्रश्नाची नीट मांडणी केली. सायकली तीन. गाडी एक, तीही बेताची. सायकल गाडीच्या आत मावत नाही आणि टपावर चढवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात, जी या कुटुंबात नाहीत. राहिली गाडीची मागची बाजू. तिथे बंपरखाली एक चौकोनी लोखंडी नळी बसवतात, तिला हिच म्हणतात. त्या नळीत रॅकचा दांडा सरकवायचा, आडवी पिन घालायची आणि रॅकवर सायकली चढवायच्या. कल्पना इतकी साधी होती, की निरीक्षकांना पहिल्यापासूनच तिचा संशय आला.

अभ्यासाला तीन आठवडे गेले. या काळात त्यांनी एकसष्ट व्हिडिओ पाहिले. (पैकी चव्वेचाळीस एकाच दाढीवाल्या माणसाचे. तो बर्फात उभा राहून रॅक गदागदा हलवायचा आणि मान डोलवायचा. निरीक्षक घरात बसून त्याच्याबरोबर मान डोलवायचे.) रॅकमुळे ज्यांचं वाटोळं झालं अशा दोनशे ग्राहकांच्या तक्रारी त्यांनी वाचल्या आणि त्यांची रडकी, चिडकी आणि खरी अशी वर्गवारी केली. शेवटी चौतीस निकषांचा तक्ता तयार होऊन फ्रिजच्या दारावर चिकटला. दूध काढायला गेलेल्या माणसाला आता निकष सतरा (गंजप्रतिकार) वाचल्याशिवाय दूध मिळत नसे.

चौथा आठवडा वजनाचा. रॅक किती भार पेलतो हे कंपनी सांगते, पण सायकल किती भरते हे कोण सांगणार? निरीक्षकांनी न्हाणीघरातल्या काट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग सायकल खांद्यावर घेऊन उभं राहायचं आणि मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, अशी योजना होती. पहिल्याच पायरीला असं आढळून आलं, की निरीक्षकांचं वजन डॉक्टरांना सांगितलेल्या वजनापेक्षा सहा किलोंनी जास्त आहे. काट्यावर 'सदोष' अशी चिठ्ठी लावून त्याला ताबडतोब सेवेतून कमी करण्यात आलं. मग हुकाला लटकवून मोजायचा काटा आणला, तो दाराच्या चौकटीला टांगला आणि तिन्ही सायकली एकेक करून हॉलमध्ये लटकल्या. बायकोची सोळा किलो चारशे, लेकीची बारा नऊशे, निरीक्षकांची पंधरा दोनशे (घंटीसह).

"बाबा, घंटी धरून कशाला?"

"निष्काळजी लोक घंटी विसरतात."

पाचव्या आठवड्यात रॅक कुठल्या जातीचा यावर जेवणाच्या टेबलाशी बैठक झाली. जाती दोन. टांगता, म्हणजे सायकल मधल्या दांड्याला धरून लोंबकळते आणि दर खड्ड्याला शेजारणीच्या बरगडीत पायडल खुपसते. आणि पाटाचा, म्हणजे सायकल चाकांवर उभी राहते, पाहुण्यांनी पाटावर बसावं तशी. बायकोच्या सायकलीला मधला आडवा दांडाच नसल्यामुळे टांगता बाद झाला. पाटाच्या रॅकमध्ये पुन्हा दोन प्रकार: मागे कलणारा आणि न कलणारा. कलणारा रॅक सायकलींसकट मागे झुकतो, म्हणजे डिकी उघडता येते. निरीक्षकांनी त्याला शून्य गुण दिले. "जी वस्तू उभी राहायला घेतली," ते म्हणाले, "तिनं वाकू नये."

"अहो, मी एक सांगू का?" बायको म्हणाली. "चालवतच जाऊ या की."

ही सूचना विषयपत्रिकेवर नसल्यामुळे विचारात घेता आली नाही.

हिच बसवायला निरीक्षक गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाला गाडीखाली आडवा होता. तिथूनच त्याने विचारलं, "लांबचा प्रवास दिसतोय साहेब?"

"तळ्यापर्यंत."

"कुठलं तळं?"

"आपलंच. बाजारामागचं."

गॅरेजवाला हळूहळू बाहेर सरकला आणि उठून बसला. "साडेतीन किलोमीटर असंल."

"तीन किलोमीटर सहाशे."

"मग सायकलीवरच का नाही जात?"

निरीक्षक त्याच्याकडे कीव करून पाहत राहिले. एकेका माणसाची दृष्टी कामामुळे अशी आखूड होते. दिवसभर गाडीच्या खालून जग पाहिल्यावर दुसरं काय होणार? मात्र त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, कारण पाना त्याच्या हातात होता.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी रॅक घरी आला. सोबत शेहेचाळीस नटबोल्ट आणि अकरा भाषांतली माहितीपुस्तिका, त्यातली एकही निरीक्षकांची नव्हे. चित्रं बघून त्यांनी दोन दिवसांत रॅक जोडला. तीन बोल्ट उरले. (कंपनीने जास्तीचे दिले असावेत, हा निष्कर्ष निरीक्षकांनी काढला. तराजूच्या दुकानात असं काही उरलं असतं, तर त्यांनी दुकानाला टाळं ठोकलं असतं.)

त्यानंतर चाचण्या. पहिली चाचणी वाळूच्या गोण्या चढवून, दुसरी जुन्या पुस्तकांच्या खोक्यांसह, आणि तिसरी प्रत्यक्ष सायकलींसह. निरीक्षक तिन्ही सायकली घेऊन ऑफिसला जाऊ लागले. येताना बायकोला आणि भाजीला घेऊन येत. डिकी उघडत नसल्यामुळे भाजी पुढच्या सीटवर बसे आणि बायको मागे. रॅकमुळे नंबरप्लेट झाकली गेली म्हणून चौकातल्या हवालदाराने गाडी बाजूला घेतली, लायसन्स पाहिलं, रॅकभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि दंडाचं पुस्तक खिशात ठेवत विचारलं, "हा किती सायकली घेतो हो?" दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी नंबर पुठ्ठ्यावर रंगवून लेकीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला बांधला. गाडी मागे घेताना सूचना देणारं यंत्र आता अखंड कोकलत असे. गाडीची अशी समजूत झाली होती, की आपल्या पाठीशी सतत कुणीतरी उभं आहे. आणि यात गाडीची काही चूक नव्हती.

शेजाऱ्यापाजाऱ्यांत मात्र निरीक्षकांचा भाव वधारला. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य रोज सकाळी पार्किंगमध्ये त्यांना नमस्कार करून म्हणत, "तब्येत राखलीय तुम्ही. आम्हाला नाही जमत बुवा." निरीक्षक नम्रपणे गाडीत बसत.

नवव्या आठवड्याअखेरची आकडेवारी अशी. सायकलींनी रॅकवरून केलेला प्रवास: तीनशे बारा किलोमीटर. स्वतःच्या चाकांवरून केलेला प्रवास: जिन्याखालून गाडीपर्यंत, चौदा मीटर, तोही ढकलत. सायकलींच्या इतिहासात एवढ्या कमी श्रमात इतकं फिरलेल्या सायकली क्वचितच असतील.

"बाबा, आज जाऊ या?" लेकीने एका संध्याकाळी विचारलं. "मी लवकर आलेय. आईही मोकळी आहे."

"आज कसं? सायकली रॅकवर आहेत."

"मग बरंच आहे ना."

"पट्ट्यांचा ताण बसतोय. अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही."

लेक उठून फ्रिजकडे गेली. तिने फ्रिजवरच्या तक्त्यावर पस्तिसावा निकष पेन्सिलीने लिहिला: 'सोमवारच्या आत.' निरीक्षकांनी तो वाचला, विचार केला आणि त्यापुढे लिहिलं: 'मोजण्याचं एकक नाही.'

दहाव्या आठवड्याच्या रविवारी वारा होता. वेग मोजायचं साधन निरीक्षकांकडे नव्हतं, त्यामुळे तो किती होता हे कळेना. आणि किती आहे हे न कळणाऱ्या वाऱ्यात सायकली नेणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.

मग अकरावा रविवार उजाडला, म्हणजे शेवटचा. हॉलमध्ये लेकीच्या दोन बॅगा भरून उभ्या होत्या. निरीक्षक सकाळी सहालाच खाली उतरले. सायकली चढवल्या, पट्ट्या आवळल्या, बोटाएवढ्या जाडीची पोलादी तार तिन्ही सायकलींच्या सांगाड्यांतून रॅकच्या दांड्यातून आणि हिचच्या पिनेतून ओवली आणि तिला बाजारातलं सगळ्यात भक्कम, दाबताच बसणारं कुलूप लावलं. नऊ वाजता कुटुंब निघालं. रविवार असल्यामुळे तळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती. तीन किलोमीटर सहाशे मीटर अंतर त्यांनी पन्नास मिनिटांत कापलं. वाटेत निरनिराळ्या वयाचे अठरा सायकलस्वार त्यांना मागे टाकून गेले. एकाच्या पुढच्या टोपलीत कुत्रं होतं. ते वळून वळून पाहत होतं.

तळ्याकाठी ऊन कोवळं होतं आणि पाण्यावर बदकं होती. निरीक्षकांनी पट्ट्या सोडवल्या, शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे खिसे चाचपले, आणि स्तब्ध उभे राहिले.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"चावी."

"घरी राहिली?"

"छे. गाडीतच आहे. सुरक्षित ठिकाणी."

"कुठे?"

"डिकीत. हत्यारांच्या पेटीत. सायकली चढवायच्या आधी मी मुद्दाम ठेवली."

"आणि दुसरी?"

"तिच्यासोबत. एकाच कडीत. म्हणजे एक सापडली की दुसरी शोधायला नको."

इथे परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. सायकली सोडवायला चावी हवी. चावी काढायला डिकी उघडायला हवी. डिकी उघडायला सायकली सोडवायला हव्यात. आतून मागची सीट पाडून डिकीत शिरता आलं असतं, पण सीट पाडायचा खटका गाडी बनवणाऱ्यांनी डिकीत दिला होता. (त्यांच्याही घरी कुणीतरी विचारी माणूस असणार.) डिकीचं झाकण चार बोटं वर उचललं जाऊन सायकलींवर टेकत होतं. लेकीने त्या फटीतून कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपडून छत्री बाहेर काढली.

मग ती तिथेच फुटपाथवर बसून हसायला लागली. आईही हसू लागली. निरीक्षकांनी कुलूप ओढून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही, आणि एवढ्या संकटातही त्यांना आपल्या निवडीचं समाधान वाटलं.

काठावर पत्र्याच्या टपरीत एक बाई सायकली भाड्याने देत होती. ती केव्हापासून हा प्रकार पाहत होती. तिने तिघांवर एकेक नजर टाकली, सीटची उंची खालीवर केली आणि तीन सायकली पुढे काढल्या. सगळ्याला मिळून दोन मिनिटं लागली. तिच्याकडे तक्ता नव्हता.

"बाबा, चल ना," लेक म्हणाली. "तीन आहेत."

निरीक्षकांनी गाडीकडे पाहिलं. पट्ट्या सुटलेल्या, भर रस्त्यात, रविवारची गर्दी.

"तुम्ही व्हा पुढे. मी इथे लक्ष ठेवतो."

"अरे, कुलूप आहे ना? आपल्यालाच निघत नाहीये."

"कुलपावरच लक्ष ठेवतो."

लेकीने क्षणभर वाट पाहिली. मग तिने तिसरी सायकल बाईकडे परत ढकलली आणि मायलेकी निघाल्या.

निरीक्षक एकटे पडले असं मात्र नाही. पाच मिनिटांत रॅकपाशी एक गृहस्थ थांबले, मग आणखी दोघे. अर्ध्या तासात तिथे सात जण होते. हा किती भार घेतो, खड्ड्यात हलतो का, हिच किती इंची लागते. निरीक्षकांना चौतीसच्या चौतीस निकष तोंडपाठ होते. गंजप्रतिकारापर्यंत आले तेव्हा पलीकडच्या काठावरून लेकीने दोन्ही हात सोडून जोरात हलवले. निरीक्षकांची पाठ तिकडे होती.

"दिसले का मी?" परत आल्यावर तिने विचारलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि केस विस्कटले होते. "हात केला होता."

"दिसलीस की," निरीक्षक म्हणाले. (दिसली नव्हती.)

ती सोमवारी सकाळच्या गाडीने गेली. त्या सात जणांपैकी चौघांनी महिन्याच्या आत तोच रॅक घेतला. ते सगळेच समाधानी आहेत आणि एकमेकांना फोन करून पट्ट्यांच्या ताणाबद्दल बोलतात.

हा रॅक कुठल्या कंपनीचा, हे वर कुठेही दिलेलं नाही. ज्या वाचकांनी ते आपल्या नजरेतून निसटलं की काय म्हणून मागे जाऊन पाहिलं, त्यांनी पुन्हा शोधू नये. त्याऐवजी आपल्या घरात सोमवारी कोण निघणार आहे, तेवढं विचारून घ्यावं.