आधी कूळ, मग कौतुक

आमच्या पाठक सरांना घरी बोलवायचं तर एखाद्या झाडावर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते. चहा पुढं केला की ते कप बाजूला सारतात. "चहा नंतर. आधी मूळ दाखव." मग तुळस तेवढी सोडून अंगणात जे दिसेल ते उपटतात, मुळावरची माती झटकतात आणि डोळे मिटून वास घेतात. माझ्या बायकोची शेवंती अशीच गेली.

सर गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी, तोही वहीत मधली पानं कोरी सोडणारा. "दत्तू, तुझं एक काम पुरं नसतं," असं ते म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यावर सरांना नाद लागला तो मुळाभोवती राहणाऱ्या जिवाणूंचा. झाडाला मर लावणारी बुरशी असते ना, तिला हे जिवाणू मुळाजवळ फिरकू देत नाहीत. सरांच्या फ्रिजमध्ये दूध कमी आणि असल्या बाटल्याच जास्त.

"आधी कूळ, मग कौतुक," हे त्यांचं पालुपद. नवा जिवाणू सापडला की सर सोयरीक जुळवायला बसल्यासारखी चौकशी करायचे. त्याला जांभळा रंग पाजायचा. धुतल्यावरही धरून ठेवला तर एक घराणं, सोडून दिला तर दुसरं. उकळत्या पाण्यातून उठून बसला तर बहुतेक बॅसिलसवाले. "चिवट लोक. पण घुमे." नोटा तपासायच्या दिव्याखाली हिरवट चमकला तर स्यूडोमोनासवाले. "मोकळी मंडळी रे, पण जीव नाजूक." एकदा शास्त्रज्ञांनी त्यांच्या एका बाटलीतल्याचं कूळच बदललं, तर सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. "परस्पर? घरच्यांना विचारायचं तरी!"

बाकी बाटल्यांवर नंबर होते. एकीवर मात्र 'सुमती'. हे काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं नाव. काकूंनी दारात लावलेल्या लिंबाच्या मुळावरून काढलेला तो हिरवा चमकणारा जिवाणू. काकू गेल्या. पुढं रस्ता रुंद करताना लिंबही गेलं. राहिली ती बाटली. सर दर पंधरवड्याला तिला बटाट्याच्या नव्या पेजेवर हलवायचे आणि हलवताना तिच्याशी बोलायचे. आम्ही खिडकीतून ऐकून लई हसायचो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या डाळिंबाला मर लागली. सर स्वतः 'सुमती' वाढवून कॅन घेऊन आले. तीनदा बजावलं, "पंधरा दिवस ते निळं औषध, मोरचूद, ओतू नकोस. बुरशीबरोबर हिलाही मारेल." मी व्हय म्हणलं. सकाळी सरांचं पाणी ओतून झालं. पण त्या दिवशी लाईट संध्याकाळपर्यंत टिकली, जी आमच्याकडं कधी टिकत नाही. आता मोटर चालूच आहे तर वाया कशाला घालवायची? दुपारून ड्रममध्ये कालवून मोरचूदही ओतला. डबल औषध, डबल गुण!

झाडं वाळायची ती वाळलीच. आणि मी काय केलं? हॉटेलात दहा माणसांसमोर म्हणालो, "सर, तुमचं कूळ बुडालं की!" लोक खदखदून हसले. "माझंच कुठं तरी चुकलं असेल," एवढंच बोलून सर चहा न पिता उठले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

यंदा उन्हाळ्यात सर लेकीकडं गेले होते आणि इकडं फ्रिज बंद पडला. परत येऊन बघतात तर सगळ्या बाटल्या नासलेल्या. दुसऱ्याच दिवशी ते स्टीलचा डबा घेऊन माझ्या बांधावर हजर. "दत्तू, मूठभर माती देतोस? तुझ्याकडं ओतली होती ना, असेल ती इथं."

मी माती उकरून दिली. आठ दिवसांनी परत डबा, मग परत. दर वेळी वेगळं झाड. बॅसिलसवाले सापडतात म्हणाले, हिरवं काही चमकत नाही.

सातव्या खेपेला मी खोरं टाकून दिलं. "सर, नका उकरू. मीच मारलंय. तुमच्या पाण्यामागं त्याच दिवशी मोरचूद ओतला हुता."

सर उकिडवे बसले होते, तसेच बसून राहिले. "माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तुझा ड्रम बांधावर उपडा होता. निळा झालेला."

"मग हॉटेलात का न्हाई बोलला?"

"दहा माणसांत विद्यार्थ्याचा पेपर तपासत नाही मी."

"आन् ठाऊक असून सात खेपा माती नेली?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "म्हटलं, तुझं काम. मोरचूद ओतताना दोन-चार झाडं तरी विसरला असशील. वहीत पानं सोडायचास ना, तशी." मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "आहे का रे असं एखादं?"

उभ्या जन्मात मी एकच काम पुरं केलं होतं. त्या दिवशी एकही झाड सोडलं नव्हतं.