उशाशी मीटररूम

आमचे दोन्ही पलंग हलवायचे, एवढंच मी ठरवलं होतं. बायको सकाळी उठायची ती दमलेलीच. आमच्या उशाकडच्या भिंतीपलीकडे अख्ख्या इमारतीची मीटररूम. आणि विजेच्या तारांभोवती जे कमी फ्रीक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र असतं, त्याचा झोपेवर परिणाम होतो का, यावर मी नुकताच एक लेख वाचला होता. शेवटी 'नक्की सांगता येत नाही' असं होतं. (नक्की सांगता न येणाऱ्या गोष्टी मला फार आवडतात. आमच्या हिशेबखात्यात त्या चालवून घेत नाहीत.)

मग ऑफिसातल्या इंजिनिअरकडून ते क्षेत्र मोजायचं यंत्र मागून आणलं. उशीवर ठेवलं, तर आकडा सरसर चढला. समोरच्या भिंतीशी नेलं, तर उतरला. पण तिथे एकच पलंग मावत होता. तिथे माझा गेला (घरातला कर्ता माणूस आधी वाचला, तर तो इतरांना वाचवू शकतो) आणि बायकोचा हॉलमध्ये.

आठवड्याभरात बायको टवटवीत झाली. चहा करताना चक्क गुणगुणायला लागली. मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून मेलॅटोनिन नावाचं झोपेचं द्रव्य समजावून सांगू लागलो.

असेच एकदा शेजारचे निवृत्त मास्तर भेटले. डोळे तांबारलेले. अलीकडे डोळ्याला डोळा लागत नाही, गोळ्या घेऊनही नाही, म्हणाले. माझ्या नव्या भिंतीपलीकडे त्यांचीच झोपायची खोली. क्षेत्र बहुतेक आमच्याकडून तुमच्याकडे सरकलंय, असं मी गंभीरपणे सांगितलं आणि यंत्र त्यांच्या हवाली केलं.

रविवारी दुपारी मी जेवून आडवा झालो असताना मास्तरांनी त्यांच्या बाजूने ती भिंत वीत वीत तपासली. यंत्र ढिम्म. शेवटी त्यांनी भिंतीला कान लावला. मग माझ्या बायकोला बोलावून तिलाही लावायला सांगितला.

मला जाग आली तेव्हा ती यंत्र घेऊन पलंगाशी उभी होती.

"कारण सापडलं," ती म्हणाली. "मास्तर म्हणतात, फ्रीक्वेन्सी कमीच आहे, पण चुंबकीय नाही. घोरण्याची आहे."

मी उठून बसलो. कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. अशा लहरी ज्याच्यातून निघतात, त्याच्या शरीरावर काय परिणाम होतो, असं मी विचारलं.

"त्याला काही होत नाही," ती म्हणाली. "जे होतं ते शेजारी झोपणाऱ्याला. लग्न झाल्यापासून माझा तोच अभ्यास चालू आहे."