डाव्या अंगाची काजळी

विमानाच्या डाव्या अंगावरची काजळी रोज थोडी थोडी कमी होत होती. उजव्या अंगावरची होत नव्हती.

विमान महायुद्धातलं, लढाऊ, एकाच वैमानिकाचं. खऱ्याच्या एक षष्ठांश आकाराचं. सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलावर ते ऐसपैस बसलं होतं आणि पंखांची टोकं दोन्हीकडून टेबलाबाहेर आली होती. त्याची कोणाला अडचण नव्हती. घरात जेवणारा माणूस एकच होता, आणि तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच उरकून घेई.

या माणसाला सगळे मिलिग्रॅम म्हणत. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि तिथे ते चहातली साखरसुद्धा तराजूवर तोलत, अशी वदंता होती. (ती खोटी होती. साखर ते डोळ्यांनीच तोलत. तराजूवर फक्त खात्री करत.) पत्नी गेली, मागोमाग नोकरी संपली, आणि तोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी हे विमान करायला घेतलं. पत्र्यावरचा एकूण एक रिव्हेट सुईच्या टोकाने उठवला. वैमानिकाच्या आसनाचे पट्टे भिंगाखाली शिवले. आणि सगळं नवंकोरं झाल्यावर, अत्यंत पद्धतशीरपणे, ते खराब करायला सुरुवात केली! चाकांना चिखल, चढायच्या जागी उडालेला रंग, पोटाखाली तेलाचे ओघळ आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना धुराड्यांमागे काजळीचा लांब पट्टा. ही काजळी म्हणजे काळ्या आणि तपकिरी खडूची भुकटी, मऊ कुंचल्याने चोळलेली.

त्यांची थोरली बहीण ते पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

“वर्षभर राबलास, आणि शेवटी मळवूनच ठेवलंस?”

“ताई, लढून आलंय ते.”

“मग आंघोळ घाल त्याला!”

ताई दोन गल्ल्या पलीकडे राहत असे. तिच्याकडे घराची दुसरी किल्ली होती. दिवसाआड ती येई, हातातलं फडकं दिसेल त्यावर फिरवी, भावाला चार शब्द ऐकवी आणि जाई. त्या घराची घंटा वाजवणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. किल्ली असूनही ती घंटा वाजवी, कारण घंटा वाजली की हा माणूस निदान शर्टाची बटणं लावतो, असं तिचं निरीक्षण होतं.

तर, काजळी. “या जगात कारणाशिवाय काहीही घडत नाही, आणि या घरात घडलंच तर त्याचं कारण मी संध्याकाळपर्यंत शोधून काढीन!” असं मिलिग्रॅमनी विमानाला उद्देशून जाहीर केलं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा छटांची एक पट्टी त्यांनी रंगवली. रोज दिवेलागणीला, त्याच दिव्याखाली, ती काजळीशेजारी धरून ते छटा ठरवू लागले. उजवी बाजू सातावर ठाम होती. डावी सातावरून सहावर आली, सहावरून पाचावर.

ऊन? पण खिडकी उजव्या बाजूला होती. उडायची तर उजवीकडची उडायला हवी. वारा? त्यांनी पंखा बंद केला आणि भिजलेल्या बोळ्यासारखे घामाघूम होऊन बसले. काजळी तरीही उतरली. खडूतच दोष? तीच भुकटी त्यांनी एका पत्र्याला चोळून कपाटावर ठेवली. पत्रा सातावरून हलला नाही. वरून रोगण फवारलं असतं तर काजळी तिथल्या तिथे पक्की झाली असती. पण मग कारण कधीच कळलं नसतं, आणि हे त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं.

निसर्गाला निर्दोष सोडल्यावर उरला माणूस.

“ताई,” ते म्हणाले, “शेवटचं फडकं तू कशावर फिरवलंस?”

“का रे? पोलिसात लागलास?”

“विमानाची डावी बाजू कोणीतरी पुसतंय.”

“मी त्या धुडाला बोट लावत नाही! मागे एकदा शेपटीला धक्का लागला तर पंधरा मिनिटं भाषण ऐकवलं होतंस.”

“भावनेच्या भरात जाऊ नकोस. साधा हिशोब आहे. किल्ल्या दोघांकडे. मी पुसत नाही. उरतं कोण?”

ताईने फडकं खाली ठेवलं. घडी घालून ठेवलं, हे लक्षण वाईट होतं.

“उरते मी,” ती म्हणाली. “आता तीही उरत नाही. घे तुझी किल्ली!”

पण किल्ली काही जुडग्यातून सुटेना! कडं घट्ट होतं. ताईचं नख तुटलं, चेहरा लाल झाला, रागाचा पारा चढत गेला आणि किल्ली तिथेच. शेवटी मिलिग्रॅमनी रिव्हेटकामाचा बारीक चिमटा आणला, कडं अलगद फाकवलं, किल्ली सोडवली आणि कडं पुन्हा नीट बसवून जुडगा तिच्या हातात दिला.

“हे असलं मात्र तुला बरोबर जमतं,” ताई म्हणाली आणि गेली.

प्रयोगाच्या दृष्टीने परिस्थिती आता आदर्श होती. संशयित बाहेर, किल्ली आत. घंटा वाजेनाशी झाली. शर्टाची बटणं लावण्याचं कारण उरलं नाही. फोन एकदाच वाजला. पलीकडच्या माणसाला कोणीतरी दुसरं हवं होतं, आणि मिलिग्रॅमनी त्याला गरजेपेक्षा बराच वेळ बोलत ठेवलं, तेव्हा त्यानेच बिचाऱ्याने माफी मागून फोन ठेवला.

आणि काजळी? पाचावरून एकदम तिसऱ्या छटेवर!

कोणत्याही शहाण्या माणसाने इथे आपला सिद्धांत सोडला असता. मिलिग्रॅमनी तो दुरुस्त केला: ताईने किल्लीची नक्कल करून घेतलेली आहे, आणि आता ती रागाने, म्हणजे जास्त जोर लावून, पुसते आहे.

आता पुरावा हवा होता. नळांची गळती शोधायला वापरतात तो रंग त्यांच्याकडे एका कुपीत होता. साध्या उजेडात दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली हिरवागार चमकतो. हातमोजे चढवून त्यांनी तो भुकटीत मिसळला, डावी बाजू पुन्हा सातावर आणली, मोजे काढून फेकले आणि हात त्या दिव्याखाली तपासले. स्वच्छ! मग चोराला संधी मिळावी म्हणून ते मुद्दाम लांबचा फेरा मारून आले आणि परतल्यावर पहाऱ्यासाठी विमानाशेजारी खुर्चीत बसून राहिले. दिवेलागणीला पट्टी धरली. चार!

मिलिग्रॅमनी अतिनील दिव्याची बॅटरी खिशात टाकली आणि तडक ताईचं घर गाठलं.

“काय? झडती घ्यायला आलास?” ताईने दार उघडत विचारलं.

“हो,” मिलिग्रॅम म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. “हात दाखव. आणि दिवा बंद करावा लागेल.”

“दिवा बंद होणार नाही!” आतून भाऊजींचा आवाज आला. ताईचे यजमान आरामखुर्चीत शब्दकोडं सोडवत होते. “माझे तीन आडवे शब्द राहिलेत!”

“चल, रजईत घुसू,” ताई म्हणाली. “एकदाचं होऊन जाऊ दे. आणि काही सापडलं नाही ना, तर गाठ माझ्याशी आहे!”

अशा रीतीने साठी उलटलेली दोन भावंडं पलंगावर एका रजईखाली शिरली. आत जुन्या कापडाचा वास होता आणि ताईचा गुडघा मिलिग्रॅमच्या बरगडीत रुतला होता. बॅटरी लागली. ताईचे हात समोर आले: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग, एक तुटलेलं नख. हिरवं काही नाही. पालथे केले. नाही. नखांत नाही. बोटांच्या बेचक्यांतही नाही.

“झालं समाधान?” ताईने विचारलं, आणि मग तिचा स्वर बदलला. “अरे, तुझा हात बघ!”

मिलिग्रॅमचा डावा तळवा दिवाळीतल्या दुकानाच्या पाटीसारखा लखलखत होता. पाची बोटं हिरवी. गालावरही चार बोटांचे ठसे, आणि एक ठिपका थेट नाकावर.

भाऊजींनी रजईचं टोक उचलून डोकावलं. “अगं, हे तर काजव्यासारखे पेटलेत! फुंकर घालू का?”

“तुम्ही तुमचे आडवे शब्द बघा!” ताई म्हणाली. रजई पुन्हा खाली आली. मग तिने हळूच विचारलं, “रंग लावताना लागला असेल, नाही रे?”

सुटकेची वाट चांगली होती. दुसरा कोणी त्या वाटेने निमूट निघून गेला असता.

“नाही,” मिलिग्रॅम म्हणाले. “हातमोजे होते.”

“मग मोजे काढताना.”

“काढल्यावर तपासले होते. स्वच्छ होते.”

“तू पण ना! बरं, बाहेरून आल्यावर काय केलंस?”

“बसलो.”

“कुठे?”

“विमानापाशी. रोज बसतो.”

“नुसता?”

“दिवसभरात काय काय झालं ते सांगतो,” ते म्हणाले. “मोठ्याने नाही. तोंडातल्या तोंडात.”

“आणि हा हात?”

“हात असतो कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे इथे,” ताई म्हणाली.

मिलिग्रॅमनी बॅटरी खाली वळवली. बोलता बोलता त्यांचा डावा हात ताईच्या मनगटावर गेला होता आणि मागे-पुढे, मागे-पुढे, मऊपणे फिरत होता. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर एक लांब हिरवा पट्टा उठला होता.

“झालं!” ताई म्हणाली. “आता पुरावा माझ्याही अंगावर!”

मिलिग्रॅमनी हात मागे घेतला. “माझं अनुमान चुकलं,” ते म्हणाले.

“याला इतर लोक माफी मागणं म्हणतात. राहू दे हात. जेवून जा आता, बसून.”

कारण होतं ते असं. पत्नी गेल्यापासून मिलिग्रॅमना रोज संध्याकाळी कोणाला तरी काहीतरी सांगायचं असे, आणि सांगताना हात फिरवायची त्यांना सवय होती. विमानाचं डावं अंग खुर्चीत बसल्यावर डाव्या हाताशीच येई. काजळी तळव्याला लागून निघून जाई. तळवा काळा होई, पण रंगकामाने त्यांचे तळवे वर्षभर काळेच होते, म्हणून ते ध्यानात आलं नाही. ताईचं येणं बंद झाल्यावर सांगायचं जास्त साठलं, म्हणून झीज वाढली.

विमानाच्या उजव्या बाजूला खुर्ची नव्हती.