सगळ्यात सोपी सिस्टिम

एका जंगलात वाघाचा आणि नेटवर्कचा काही भरवसा नसे. कधी येतील ते सांगता येत नसे. तिथे गोदाक्का नावाचं भेकर राहत होतं. मुलांनो, भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण.

वाघ दिसला की गोदाक्का भुंके आणि सगळे पळत. पण तिचा घसा बसला. वैद्य घुबड म्हणालं, "अजून महिनाभर ओरडलात, तर आवाज कायमचा जाईल."

अक्काने ठरवलं, आपला एक वेब सर्व्हर लावायचा. त्यावर एकच पान, 'वाघ आला.' जो तो आपापल्या मोबाईलवर बघेल आणि पळेल. यंत्र होतं. ते चालवायला ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. ओपन सोर्स हवी, म्हणजे कुणीही उघडून बघावी, फुकट वापरावी. आणि सोपी हवी, कारण अक्का नवखी.

तिने सल्ला विचारला. हीच तिची चूक.

नीलाबाई नीलगाय म्हणाली, "उंबर नावाची सिस्टिम घे. लेकरूसुद्धा बसवेल."

"छे! फेटा घ्या," डुकरेअण्णा गुरगुरले. ते रानडुक्कर होते. "दर सहा महिन्यांनी नवा बांधायचा, बाकी काही नाही."

काटेसर साळिंदराने काटे फुलवले. "देवदार! एकदा लावला की हलत नाही. आधी नऊशे पानांची माहितीपुस्तिका तेवढी वाचा."

अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, मला दोनच शब्द लावायचेत. यातली कुठलीही चालेल ना?"

"कुठलीही?" तिघं एकदम ओरडली. तीन आठवड्यांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

वाद रंगला. रोज सकाळी पाणवठ्यावर बैठक. कोणती सोपी, सोपी म्हणजे काय, आणि सोपं मागणाऱ्याची लायकी काय, इथपर्यंत मजल गेली. अक्का रोज येऊन बसे. ही एवढी हुशार माणसं, म्हणजे जनावरं, आपल्यासाठीच भांडताहेत याचं तिला ओझं वाटे.

एक दिवस करवंदीच्या जाळीमागे पट्टे हलले. अक्काने सगळा जीव गोळा केला. घशातून निघालं ते जेमतेम, "भॉक."

"अक्का, मध्ये बोलू नका," डुकरेअण्णा म्हणाले. "माझा मुद्दा पुरा होऊ द्या."

मुद्दा पुरा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं शांतता पाळली. मग काटेसर म्हणाले, "चला, आता दोनच पर्याय उरले. काम सोपं झालं."

चार दिवसांनी नीलाबाई उंबराच्या बाजूने फार सुंदर बोलत होती. जाळीमागे पुन्हा पट्टे हलले. अक्काने तोंड उघडलं. या वेळी आवाजच आला नाही. आपल्याला रडू फुटतंय, हेसुद्धा तिला कुणाला ऐकवता आलं नाही.

काटेसरांना वाघ शिवला नाही. काटे कोण खाणार? सर्वांत सोपी सिस्टिम देवदार, असा ठराव एकमताने मंजूर झाला, कारण मतच एक उरलं होतं.

देवदार बसवायला अर्धा तास लागला. मुलांनो, फक्त अर्धा तास! शेवटी यंत्राने पासवर्ड मागितला. अक्काने खुरांनी टाइप केला, पण पडद्यावर एकही अक्षर उमटेना. आपल्या घशासारखं याचंही झालं की काय, म्हणून ती घाबरली.

"अक्षरं मुद्दाम दिसत नाहीत," काटेसर म्हणाले. "सुरक्षेसाठी असतं ते."

अक्का पाणवठ्यावरच्या दोन रिकाम्या जागांकडे बघत राहिली. मग तिने पान लिहायला घेतलं. 'वाघ आला' लिहिलं, पण मन मानेना. तिने ते खोडलं आणि खरं काय ते लिहिलं.

'वाघ येऊन गेला.'

तात्पर्य: नवख्याने निवडीची घाई करू नये. चांगले सल्लागार गाठावेत आणि त्यांना मनसोक्त भांडू द्यावं. वाघ येत राहिला, की सोपं काय ते आपोआप ठरतं.