चौथऱ्यावरची त्रिवेणी

"तिचा पुतळा होतो, मग माझा का नाही?" त्रिवेणीबाईंनी नवऱ्यापुढे, शिवराजरावांपुढे, चहाचा कप आदळला.

झालं होतं असं, की तारनाक्यामागच्या झाडीत एक शिल्पकार पुतळ्यांची पायवाट उभारत होता. निजामाच्या काळी भानामतीचा आळ येऊन ज्या बायकांवर पंचायत बसली, त्यांची कहाणी झाडाझाडाखाली लाकडात उभी राहणार होती. चेहरे त्याला इथल्याच बायकांचे हवे होते, आणि त्यानं निवडली कोण, तर शेजारची योगिनी! आधीच तिच्याकडे कॉलनीतली पहिली केबल आली, मग दारात मारुती आली. तेव्हापासून त्रिवेणीबाईंच्या पोटात दुखत होतं ते दुखतच होतं.

"अगं, तिला चेटकीण करायलेत," शिवराजराव म्हणाले. "त्यात कसला मान?"

"पुतळा तो पुतळा! तुम्हाला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी बाई झाडीत हजर. योगिनी ठेवणीतलं लुगडं नेसून शिल्पकारापुढे बसली होती. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तापलं दूध नासावं. शिल्पकार टुणकन उठला. "अम्मा, ऐसाच खड़े रहो! हिलना नक्को!"

बाई तीन दिवस हलल्या नाहीत.

उद्घाटनाला त्यांनी अख्खी कॉलनी नेली. योगिनी चिंचेखाली, मातीत. आणि वाटेच्या शेवटी, उंच चौथऱ्यावर, साक्षात त्रिवेणीबाई! खाली तेलुगू पाटी. बाई जन्मभर तेलुगू बोलत आलेल्या, पण अक्षर एक वाचता येत नव्हतं. तरी बेधडक सांगून मोकळ्या झाल्या, "ही गावची पाटलीण. न्याय केला हिनं!" बायकांनी लगेच पुतळ्याला हळदीकुंकू लावलं. बाईंनी शेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला.

तेवढ्यात शाळेत तेलुगू शिकणारी त्यांची गीता पाटी वाचू लागली. "आई, यात लिहिलंय, शेजारणीची म्हैस जास्त दूध देते म्हणून जळून हिनं खोटा आळ घेतला. सगळं हिच्यापासून सुरू झालं."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"थांब, पाटी काढायला लावतो," शिवराजराव निघाले.

मागे योगिनी आपल्या नवऱ्यावर फणफणत होती. "तिला चौथरा, अन् मला मातीत? हातभर उंच आहे हो ती माझ्यापेक्षा!"

त्रिवेणीबाईंनी ते ऐकलं. त्यांनी पदर सावरला, मान ताठ केली.

"राहू द्या हो पाटी," त्या म्हणाल्या. "गीता, परत वाच बरं. म्हशीपासून. जरा मोठ्यानं."