समितीने मंजूर केलेला पासवर्ड

आमच्या कार्यालयात गुप्तता पाळली जात नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही. साहेबांचा पासवर्ड आम्हा सगळ्यांना ठाऊक होता आणि आमच्यापैकी एकानेही तो कधी बाहेर फोडला नव्हता.

साहेबांच्या नातीचं लाडाचं नाव चिमणी. त्या नावापुढे एक आकडा, की झाला पासवर्ड. संगणक दर महिन्याला तो बदलायला लावायचा, म्हणून साहेब दर महिन्याला आकडा एकाने वाढवायचे. पहिल्या तारखेला हेडक्लार्क अण्णा खुर्चीला टेकायच्या आत विचारायचे, "चिमणी कितीवर?" कोणीतरी आकडा सांगायचं. मग अण्णा साहेबांच्या नावाने सगळी प्रकरणं मंजूर करून मोकळे व्हायचे आणि साहेब निवांत चहा प्यायचे. कोणाचं काही अडत नव्हतं.

हे सुख वरच्यांना बघवलं नाही. त्यांनी एक सुरक्षा अधिकारी धाडला. पासवर्ड ही बायकोलासुद्धा सांगायची गोष्ट नाही, असं या अधिकाऱ्यांनी आम्हाला समजावलं आणि साहेबांचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, असं विचारलं. पाहुण्यांना खोटं कसं सांगायचं, म्हणून आम्ही सगळ्यांनी हात वर केले. साहेबांनीही केला, जरा उशिरा.

लगेच पासवर्ड मंजुरी समिती नेमली गेली. प्रत्येकाने आपला नवा गुप्त पासवर्ड समितीपुढे मोठ्याने वाचून दाखवायचा. मग चहा. चहानंतर समितीतल्या एकालाही तो आठवला, तर नामंजूर. आवक-जावक सांभाळणाऱ्या ताईंनी आपल्या मुलीचं नाव ठेवलं होतं, ते चहा यायच्या आतच बाद झालं. पण अधिकाऱ्यांचं तेवढ्यावर समाधान होईना. ते म्हणाले, मालकाला पासवर्ड आठवत असेल तर गोड बोलून कोणीही तो काढून घेईल, म्हणजे धोका शिल्लक राहिलाच. तेव्हा जो पासवर्ड खुद्द मालकालाही सांगता येणार नाही, तोच खरा सुरक्षित. मुद्दा बिनतोड होता. अण्णांनी तो इतिवृत्तात घेतला.

या कसोटीला दोघेच उतरले. एक स्वतः सुरक्षा अधिकारी आणि दुसरे आमचे साहेब. साहेबांनी चांदण्या, टिंबं, उलटीसुलटी अक्षरं असं काहीतरी वाचून दाखवलं होतं. चहानंतर विचारलं, तर ते छताकडे बघत बसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी साहेबांना पुष्पगुच्छ मिळाला आणि चौकटीतलं प्रमाणपत्र त्यांच्या खुर्चीमागे, बरोबर डोक्यावर, ठोकण्यात आलं.

त्याच दुपारी ताईंची बदली आली. म्हणजे येऊ घातली. ताईंची लहान मुलगी दुसऱ्या गावी आजीपाशी वाढत होती. त्या गावच्या कार्यालयाने ताईंना घ्यायला होकार कळवला होता. आता आमच्या साहेबांनी संगणकावर एक मंजुरी द्यायची, तीही पाचच्या आत. पाचनंतर बदल्यांची यंत्रणा थेट पुढच्या वर्षी उघडणार होती. ताईंनी टेबल आवरलं, पर्स खांद्याला लावली आणि त्या साहेबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागोमाग आम्हीही गेलो. सुरक्षा अधिकारी आत होतेच.

साहेबांनी चष्मा पुसला. एक अक्षर दाबलं आणि खोडलं.

"आठवत नाही," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता.

"उत्तम," अधिकारी म्हणाले.

अण्णांनी खाकरून सुचवलं, चिमणी अकरा टाकून बघायला काय हरकत आहे. साहेबांचा चेहराच उतरला. तसल्या धोकादायक सवयी आपण केव्हाच सोडल्या, असं त्यांनी अण्णांना अधिकाऱ्यांच्या देखत बजावलं. मग कळलं की विसरलेला पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्यांना आहे. ते तत्परतेने शेजारच्या संगणकावर बसले, बोटं कळांवर ठेवली आणि हळूहळू त्यांची नजरही छताकडे गेली. त्यांचाही पासवर्ड समितीने मंजूर केलेला होता ना.

"साहेब, काहीतरी आठवा ना," ताई म्हणाल्या. "माझी पोर मला ऑफिसवाली आई म्हणते हो. आई नुसतं आजीला म्हणते."

साहेबांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्राकडे पाहिलं.

"ताई, हे सगळं तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे," साहेब म्हणाले.

पाच वाजून गेले. ताई रडल्या नाहीत. जागेवर जाऊन त्यांनी उरलेली टपालं नोंदवली. मला फार वाईट वाटलं, आणि मी नेहमीच्या वेळेला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख. अधिकारी गेलेले. मी फाइल घेऊन आत गेलो, तर साहेब एका बोटाने टाइप करत होते. टाइप करताना पुटपुटायची त्यांना जुनी सवय आहे. "चि... म... णी... अकरा." संगणक फटकन उघडला. नवा पासवर्ड मागायला लागला. "चि... म... णी... बारा."

मंजूर झालेला पासवर्ड त्यांनी संगणकात कधी घातलाच नव्हता.

मला पाहून ते दचकले. "अरे, त्यांच्यासमोर कसा टाकणार?" ते हळूच म्हणाले. "डोक्यावर प्रमाणपत्र, टेबलावर पुष्पगुच्छ. माणसाची काही अब्रू असते की नाही?"

दुपारपर्यंत वरच्या कार्यालयातूनही बातमी आली. अधिकाऱ्यांचा संगणक सकाळी पहिल्याच फटक्याला उघडला होता. काय टाकून, ते गुप्त आहे. त्यांच्या कुत्र्याचं नाव मात्र त्या मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे.

मला राहवलं नाही, मी ताईंना सांगितलं. त्या पाकिटं चिकटवत होत्या. हातातलं पाकीट पुरतं चिकटवून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे दोघांनाही येत होता." मग त्यांनी आपला पासवर्ड बदलला, कारण महिना बदलला होता. समितीने नाकारलेलं मुलीचं नावच, पुढे एक आकडा जास्त.

तुम्हाला साहेबांचा राग आला असेल. यायलाच हवा. आपलाही पासवर्ड आता बदलून टाकावा, असंही मनात आलं असेल. बदला की. नाव तेच ठेवाल, शेवटचा आकडा एकाने वाढवाल. आणि कोणी मोठं माणूस मागे उभं असलं, तर आठवत नाही म्हणाल.